मिस्त्रीने दडवलेलं पत्र

कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात दोन लांबलचक दालनांत मिळून एकशे ऐंशी मशीन चालत, आणि त्यांतलं एखादं जरी कुरकुरलं तरी सगळ्यांच्या तोंडी एकच हाक यायची, "मिस्त्रींना बोलवा!" मिस्त्री यायचे, चालत्या मशीनजवळ मान तिरकी करून क्षणभर उभे राहायचे आणि म्हणायचे, "सुई वाकलीय," नाहीतर, "खालच्या दोऱ्याचा लूपर मागे पडलाय." झाकण उघडलं की तेच निघायचं. मशीनबरोबर येणारं माहितीपुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. नव्या जातीचं मशीन आलं की ते पूर्ण सुटं करायचं, पुन्हा जोडायचं, झालं. लोकांना त्याचं फार कौतुक होतं. पुस्तक का उघडत नाहीत, हे कुणी विचारलं नाही.

बायको त्यांना याच कारखान्यात भेटली. ती तेव्हा कॉलर बसवायच्या ओळीत होती आणि तिच्या मशीनचा टाका सारखा सुटायचा. "एकाच आठवड्यात चौथ्यांदा दुरुस्तीला आले," ती हसत सांगायची, "तेव्हा माझ्या लक्षात आलं, बिघाड मशीनमध्ये नाहीये."

सुपरवायझर व्हा, असं मिस्त्रींना तीन वेळा विचारलं गेलं आणि तिन्ही वेळा त्यांनी हात जोडले. म्हणायचे, "खुर्चीत बसलं की माझी पाठ धरते." पाठीला काही झालेलं नव्हतं. सुपरवायझरला रोज संध्याकाळी एक पानभर अहवाल लिहावा लागे, खरी अडचण तिथे होती. मिस्त्रींना अक्षरं येत होती, एकेक सुटं विचारलं तर बहुतेक ओळखूही यायची. पण त्यांचा शब्द बनवायचा म्हटलं की घाम फुटायचा. चौथ्या अक्षरापर्यंत पोचावं तोवर पहिलं हातातून निसटलेलं असायचं. तीच ओळ पुन्हा वाचली तरी ती नव्यानेच भेटल्यासारखी वाटायची. सातवीपर्यंत कशीबशी शाळा झाली. वर्गात त्यांना 'ढ' म्हणत, आणि गंमत म्हणजे तो 'ढ' लिहायला सांगितला की ते 'द' लिहीत.

शाळा सुटली, लपवाछपवी मात्र सुटली नाही. त्यांच्याकडे साध्या काचांचा एक चष्मा होता. नजर उत्तम होती, तरी तो मुद्दाम विकत घेतलेला होता, घरी विसरण्यासाठी. कुठे फॉर्म भरायची वेळ आली की खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, "अरेच्चा, चष्मा राहिला. तुम्हीच भरता का जरा?" कधी अंगठ्याला पट्टी असायची. अशा युक्त्यांवर माणूस किती वर्षं काढू शकतो, याचा अंदाज लिहिता-वाचता येणाऱ्याला येणार नाही.

लग्नानंतर तीन वर्षांनी मुलगी झाली. तिला सगळे पिटू म्हणत. पिटू हसरी होती, वेळेवर रांगली, वेळेवर चालली. बोलली मात्र नाही. दीड वर्षाची झाली, दोन वर्षांची झाली, तोंडात 'मा', 'बा' आणि एक 'दद' यापलीकडे काही नाही. काही हवं असलं की बोट धरून ओढत न्यायची आणि दाखवायची. शेजारच्या घरातला तिच्याच वयाचा मुलगा भांडायलासुद्धा लागला होता.

"उगाच काळजी करता," मिस्त्रींची आई म्हणायची. "हासुद्धा लहानपणी बराच काळ गप्पच होता. बापावर गेलीय पोरगी. बोलेल की."

बायकोला ते पटेना. पिटू पावणेतीन वर्षांची असताना तिने कामावरून रजा घेतली आणि मुलीला सरळ डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले. एका लहानशा बंद खोलीत पिटूच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की डब्यात एक ठोकळा टाकायचा, असा खेळ मांडला. पिटूने सगळे ठोकळे बिनचूक टाकले. कान ठणठणीत होते. मग त्यांना वाचा-उपचार केंद्रात पाठवलं. तिथल्या ताई अंगाने किरकोळ होत्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी पहिल्याच दिवशी बायकोला विचारलं, "बोलत नाही म्हणून तुम्ही काय काय करून पाहिलंत?"

बायकोने मान खाली घातली. "पाणी म्हटल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, असं कुणीतरी सांगितलं होतं. दोन दिवस केलं. फार रडली."

"ते सोडून द्या," ताई म्हणाल्या. "ती मुद्दाम गप्प राहत नाहीये. तिने 'पा' म्हटलं की पाणी द्या, आणि देताना तुम्ही म्हणा, 'पाणी. पाणी हवं.' तिच्यापेक्षा एकच शब्द जास्त बोला. तिच्या तोंडासमोर तोंड आणून बोला. आणि बोलून झालं की थांबा. दहापर्यंत मोजा मनात. आपण मोठी माणसं थांबतच नाही."

थांबणं मिस्त्रींना चांगलं जमत होतं. संध्याकाळी ते जमिनीवर जुनं फडकं पसरायचे, एखाद्या मोडक्या मशीनचे भाग मांडायचे आणि पिटूला समोर बसवायचे. "स्क्रू," म्हणायचे. थांबायचे. "फिरव स्क्रू." थांबायचे. बायको स्वयंपाकघरातून पाहायची. इतकं कमी बोलणारा माणूस मुलीला बोलायला शिकवतोय, याचं तिला हसू यायचं आणि डोळेही भरून यायचे. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी पिटूने तेलाची कुपी पुढे केली आणि म्हणाली, "बाबा, तेल."

मिस्त्री उठून मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

साडेचार वर्षांची होईतो पिटू भरपूर बोलायला लागली. शब्दांची थोडी उलथापालथ व्हायची. कपाटाचं 'पकाट' व्हायचं, बादलीची 'बालदी', आणि नवीन लांबलचक शब्द आला की ती मध्येच अडखळून दुसरंच काही सांगायला लागायची. घरात सगळ्यांना ते गोड वाटायचं. केंद्रातल्या शेवटच्या दिवशी ताईंनी दोघांना समोर बसवलं.

"बोलणं छान आलंय," त्या म्हणाल्या. "उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे अगदी इतरांसारखीच शिकतात. काहींना मात्र शाळेत वाचन जड जातं. हिला जाईलच असं नाही, पण लक्ष ठेवा. बरं, घरात कुणाला वाचायला-लिहायला त्रास झाला होता का? आईकडे, वडिलांकडे?"

"माझ्याकडे कुणाला नाही," बायको म्हणाली आणि तिने मिस्त्रींकडे पाहिलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "आमच्याकडेही नाही."

ताईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

शाळेचं पहिलं वर्ष बरं गेलं. दुसरीत बाकीची मुलं धडाधड वाचायला लागली आणि पिटू मागे पडली. धडा कानावर एकदा पडला की तिला तोंडपाठ व्हायचा. त्याच्या जोरावर तिने काही महिने काढले. वाचायला उभं केलं की पुस्तक समोर धरून ती घडाघडा म्हणायची. एकदा बाईंनी जवळ जाऊन पाहिलं तर पान वेगळंच उघडलेलं होतं.

घरी अभ्यास बायको घ्यायची. "हे काय आहे? घ-र, घर. पुन्हा म्हण."

"घर."

"आता खालच्या ओळीत बघ. तोच शब्द आहे. काय आहे?"

पिटू शब्दाकडे बघत राहायची, मग आईच्या चेहऱ्याकडे. "धन?"

"अगं आत्ता तर वाचलास! लक्ष कुठे असतं तुझं?"

अशा वेळी मिस्त्री घराबाहेर पडायचे. जिन्याखाली उभे राहायचे. वरून बायकोचा चढत जाणारा आवाज आणि मुलीचा बारीक होत जाणारा आवाज ऐकू यायचा. मुलीच्या डोळ्यांसमोर त्या ओळीचं काय होत असेल, हे साऱ्या घरात एकट्या त्यांना ठाऊक होतं. ते वर जाऊन सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं नाही. दुसरीच्या शेवटाकडे पिटूचं पोट सकाळी सकाळी दुखायला लागलं. रविवारी ते कधी दुखायचं नाही.

बायको तोवर दुसऱ्या कारखान्यात कापडकटाईच्या विभागात लागली होती आणि तिला घरी यायला साडेसहा वाजायचे. म्हणून मुलीला शाळेतून आणायचं काम मिस्त्रींकडे होतं. एके दिवशी दुसरीच्या बाईंनी त्यांना फाटकापाशी थांबवलं.

"पिटूबद्दल बोलायचं होतं. माझा अंदाज आहे, तिला वाचनाची खास अडचण आहे. एकदा तपासून घ्यायला हवं."

"आळस करते का?" मिस्त्रींनी विचारलं. हा प्रश्न आपण का विचारतोय, हे त्यांनाच कळेना.

"मुळीच नाही. उलट वर्गातल्या सगळ्यात मेहनती मुलींपैकी आहे. तोंडी विचारलं तर सगळं येतं. म्हणून तर मला शंका आली." बाईंनी एक लिफाफा पुढे केला. "यात सगळं लिहिलंय. तपासणी कुठे होते, तेही आहे. दोघांनी वाचा आणि खाली सही करून मला परत द्या."

"हिच्या आईला दाखवतो," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी दाखवलं नाही. घरी आल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी उघडली, वरचा ट्रे उचलला आणि लिफाफा खाली सपाट ठेवून दिला. त्या वेळी त्यांच्या मनात मुलीचं वाईट नव्हतं, हे खरं आहे. त्यांना एवढंच दिसत होतं की तपासणीला गेलं की पुन्हा कुणीतरी समोर बसवणार, पुन्हा तोच प्रश्न विचारणार, आणि बायको पुन्हा वळून त्यांच्याकडे पाहणार. चार दिवस जाऊ देत, मग देऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चार दिवसांचे पंधरा झाले. बाईंनी आठवण केली तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तपासणी झाली. सगळं ठीक आहे म्हणाले. कागद घरी राहिला."

"अरे वा," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं आश्चर्य होतं, पण बापाच्या शब्दावर अविश्वास कोण दाखवणार? वर्ष संपलं आणि त्या बाई दुसऱ्या शाळेत गेल्या.

तिसरीच्या बाई कडक होत्या. पिटूच्या वहीत लाल शाईने 'आळशी', 'लक्ष नाही', 'पुन्हा लिहा' असे शेरे यायला लागले. वाचता आलं नाही की जागेवर उभं राहायचं, असा नियम होता, आणि पिटू जवळजवळ रोजच उभी असायची. हळूहळू तिने वर्गात बोलणं सोडलं. नाव विचारलं तरी मान हलवायची. ज्या मुलीला बोलतं करायला घरातल्यांनी दोन वर्षं घातली होती, ती पुन्हा बोटाने दाखवायला लागली. बायको हवालदिल झाली. कधी रागावायची, कधी जवळ घेऊन बसायची, कधी मिस्त्रींना म्हणायची, "अहो, तुम्ही तरी बोला तिच्याशी. माझं काही चुकतंय का?"

मिस्त्री म्हणायचे, "होईल बरं."

चौथी सुरू झाल्यावर एका शनिवारी दुपारी पिटूने वहीची पानं फाडली. एकेक करून, अगदी शांतपणे, आणि त्यांचा नीट गठ्ठा करून ठेवला. आईने विचारलं, "हे काय केलंस?"

"मला नको वही," पिटू म्हणाली. "मी ढ आहे ना."

मिस्त्री दारात उभे होते. तो शब्द त्यांनी गेल्या तीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आणि आता तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच मुलीच्या तोंडून आला होता. चिडून नव्हे, अगदी आपलं नाव सांगावं तशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पिटू खाली खेळायला गेल्यावर मिस्त्रींनी पेटी स्वयंपाकघरात आणली, ट्रे उचलला आणि लिफाफा बायकोसमोर ठेवला. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग पसरला होता.

बायकोने पत्र उघडलं. वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली. "तारीख चुकलीय यावर."

"नाही चुकलेली."

"अहो, ही तर गेल्या वर्षीची—" ती थांबली. पुन्हा वरपासून वाचलं. "हे तुम्हाला कधी दिलं?"

"तारीख आहे त्याच दिवशी."

"म्हणजे सव्वा वर्ष हे या पेटीत आहे?"

मिस्त्रींनी मान हलवली. मग ते बोलले. आयुष्यात एका दमात इतकं ते कधीच बोलले नसतील. अक्षरं कशी निसटतात ते सांगितलं, चष्म्याचं सांगितलं, पाठीचं सांगितलं, केंद्रातल्या ताईंपुढे 'नाही' म्हटलं ते सांगितलं. दुसरीच्या बाईंशी काय खोटं बोललो तेही सांगितलं. बायकोने एकदाही मध्ये अडवलं नाही.

"तुम्हाला वाचायला जमत नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, शाळा लवकर सुटली म्हणून. तुमचा मान राहावा म्हणून मी कधी विषय काढला नाही. तो चष्मा मी पुसून ठेवायचे, माहितीय? साध्या काचेचा आहे हे कळूनसुद्धा." तिने पत्र ओट्यावर ठेवलं. "तुम्ही स्वतःचं लपवलंत, ते मी समजू शकते. पण हिचं का लपवलंत? मी रोज तिच्यावर ओरडत होते. रोज. तुम्ही जिन्याखाली उभं राहून ऐकत होतात. आणि तुम्हाला माहीत होतं!"

मिस्त्रींनी ट्रे पुन्हा पेटीत बसवला.

त्यानंतर नऊ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, कपडे घडी करून ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. दहाव्या दिवशी म्हणाली, "उद्या केंद्रात जायचंय. रजा टाका." एवढंच.

केंद्रातल्या ताईंनी पिटूला ओळखलं. तपासणी तीन सकाळी चालली. कधी चित्रं, कधी कोडी, कधी शब्दांचे खेळ. "'पाणी'मधला 'पा' काढला तर काय उरतं?" असलं काहीतरी ताई विचारत, आणि पिटू बराच वेळ विचार करून म्हणायची, "पाणी संपतं." ताई हसल्या, पण त्यांनी तेही लिहून घेतलं. चौथ्या दिवशी त्यांनी आईवडिलांना बोलावलं.

"हिला डिस्लेक्सिया आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. हा आजार नाही, त्यामुळे औषधही नाही. डोळ्यांचा दोष नाही आणि बुद्धीचा तर अजिबात नाही. आपण शब्द ऐकतो तेव्हा त्यातले आवाज सुटे करणं आणि एकेका आवाजाला अक्षर जोडणं हे बहुतेकांना थोड्या सरावाने जमून जातं. हिच्या मेंदूला ते जड जातं. म्हणून तेच अक्षर तिला दर वेळी नव्याने ओळखावं लागतं. तिला वेगळ्या पद्धतीने, सावकाश, पायरी पायरीने शिकवावं लागेल. येईल तिला वाचायला. वेग मात्र कमीच राहील."

"उशीर झालाय का?" बायकोने विचारलं.

ताई म्हणाल्या, "दुसरीत आली असती तर सोपं गेलं असतं. आता जास्त मेहनत पडेल. आणि मध्ये जे मनाला लागलंय, ते भरून यायला अक्षरांपेक्षा जास्त वेळ लागेल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी वेगळं काही सांगणार नाही."

मिस्त्री खुर्चीच्या कडेवर बसले होते. "मागे तुम्ही विचारलं होतं, घरात कुणाला त्रास होता का," ते म्हणाले. "मी नाही म्हटलं होतं. मला आहे."

ताईंनी पेन उचललं. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना कीव. "तुम्ही बोलायला कधी लागलात?"

"ते आईला विचारावं लागेल."

त्या संध्याकाळी ते आईकडे गेले. म्हातारी खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं, ताईंनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत. आईचे हात थांबले.

"चार वर्षांचा होतास," ती म्हणाली. "एकदा मला शाळेत बोलावलं होतं. मास्तर म्हणाले, हा मुद्दाम करतो. घरी तर तू मोडक्या घड्याळाचं पोट उघडून पुन्हा बसवायचास, मग मलाही वाटलं, ज्याला हे येतं त्याला दोन ओळी येऊ नयेत? मुद्दामच करत असणार. मी तुला तिथेच मारलं. सगळ्या वर्गासमोर."

"आठवतंय," मिस्त्री म्हणाले.

"मारायला नको होतं रे."

मिस्त्रींनी तिच्या हातातला अभ्रा घेतला, सुईत दोरा ओवून दिला आणि उजेड जाईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.

आठवड्यातून दोनदा केंद्रात जायचं ठरलं. पिटूला तिथे पसरट ताटात वाळू मिळायची. तोंडाने आवाज काढत बोटाने अक्षर गिरवायचं. काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांवर असायच्या. टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे करायचे. सुरुवातीला ती बोलेचना. पाच आठवडे ती फक्त वाळूत रेघा मारत राहिली. सहाव्या आठवड्यात तिने 'म' काढला आणि हळूच म्हणाली, "म." घरी सराव बायको घ्यायची. आता तिचा आवाज चढत नसे. चढायला लागला तर ती उठून पाणी पिऊन यायची.

शाळेत वेगळंच झगडावं लागलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "सगळ्यांना एकच नियम. हिला जास्त वेळ दिला तर बाकीच्यांचे पालक काय म्हणतील?" बायको केंद्राचा अहवाल घेऊन तीन वेळा मुख्याध्यापिकांकडे गेली. तिसऱ्या वेळी मिस्त्रीही बरोबर गेले. ते म्हणाले, "बाई, मी सातवीपर्यंत वर्गात उभा राहिलो. उभं राहून मला एक अक्षर जास्त आलं नाही." मुख्याध्यापिकांनी अहवाल पुन्हा एकदा सावकाश वाचला. त्यानंतर पिटूला परीक्षेत जास्त वेळ मिळायला लागला, प्रश्न वाचून दाखवायला कुणीतरी मिळायला लागलं आणि उभं राहणं बंद झालं.

पिटू दहा वर्षांची असताना, केंद्राच्या बाकावर बसून तिने एकदा विचारलं, "बाबा, ती समोरची मुलगी सहा वर्षांची आहे. मी एवढ्या उशिरा का आले इथे?"

बायको पलीकडे बसली होती. हे सांगायचं काम तिचं नव्हतं.

"बाईंनी पत्र दिलं होतं, तू दुसरीत होतीस तेव्हा," मिस्त्री म्हणाले. "मी ते लपवून ठेवलं. मलाही वाचता येत नाही, हे कळेल म्हणून."

पिटूने त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तिसरीत मी रोज उभी राहायचे, ते उगाचच?"

"हो."

"तुला माहीत होतं, मी उभी राहते ते?"

"हो."

ती उठली आणि आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. पुढचा महिनाभर ती बापाबरोबर शाळेतून येताना चार पावलं मागे चालायची. मिस्त्री वळून पाहायचे नाहीत, फक्त पावलं हळू टाकायचे. एक दिवस रस्ता ओलांडताना तिने त्यांचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला नाही.

आता पिटू पंधरा वर्षांची आहे. सावकाश वाचते. ह्रस्व-दीर्घ आजही चुकतात, जोडाक्षर आलं की ओठ हलतात. गेल्या वर्षी एका विषयात नापास झाली, दोन दिवस रडली आणि पुन्हा बसून पास झाली. धडे फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकते. वर्गात हात वर करते. नवीन लोकांसमोर मात्र अजूनही आधी गप्प होते. घरी येणारा प्रत्येक कागद बायको स्वतः उघडते, स्वतः वाचते आणि तारीख पाहते. मिस्त्रींना ते दिसतं.

मिस्त्री स्वतः दर शनिवारी केंद्रात एक तास बसतात. पाच वर्षं झाली. चार-पाच ओळींची सूचना आता वाचून होते, पण पुरतं पान अजून पेलत नाही.

मध्यंतरी कारखान्यात नव्या जातीची मशीन आली. त्यांना छोटे पडदे आहेत आणि काही बिघडलं की पडद्यावर दोन-तीन ओळी उमटतात. त्यातलं पहिलंच मशीन अडलं तेव्हा रांगेतले सगळे कामगार मिस्त्रींकडे बघत उभे राहिले. त्यांनी पडद्यावरचा पहिला शब्द वाचला, दुसरा वाचायला घेतला, आणि मग ते शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या मुलीकडे वळले.

"मला वाचायला वेळ लागतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "तू वाच. मी ऐकतो."

तिने वाचलं. मिस्त्रींनी झाकण उघडलं आणि ते कामाला लागले.